शास्त्रज्ञांची नावं नीट कशी उच्चारायची: आधी भाषा ओळखा, मग स्पेलिंग वाचा

पुस्तकात आपण 'यूलर' वाचलेला असतो, लेक्चरमध्ये कोणीतरी 'ऑयलर' म्हणतं आणि बराच वेळ आपल्या लक्षातच येत नाही की हा तोच माणूस. 'गॅलोइस' आणि 'गाल्वा'चं तेच, 'डी ब्रॉग्ली' आणि 'द ब्रॉय'चं तर अजूनच, कारण ते दोन उच्चार एकमेकांच्या जवळपाससुद्धा नाहीत. त्यामुळे उच्चार हा नुसता स्टाईल मारायचा विषय नाहीये, ज्याला गणित किंवा विज्ञान ऐकून शिकायचंय, ज्याला पुढे कधी सेमिनार द्यायचाय, शिकवायचंय, त्याच्यासाठी ही कामाची गोष्ट आहे. आणि खरं सांगायचं तर मला हेही महत्त्वाचं वाटतं की ज्या माणसाने आयुष्य घालवून एखादी गोष्ट शोधली त्याचं नाव तरी आपण त्याला ओळखू येईल असं घ्यावं.

बहुतेक लोक याद्या पाठ करायला जातात, शंभर नावं आणि समोर उच्चार. ते टिकत नाही. एकशे एकावं नाव आलं की परत अडलात. अडचण मुळात एकच आहे: युरोपातल्या बऱ्याच भाषा रोमन लिपी वापरतात पण प्रत्येक भाषा तीच अक्षरं आपापल्या पद्धतीने वाचते, आणि आपण सगळीच्या सगळी नावं इंग्लिशच्या पद्धतीने वाचतो. तेव्हा करायचं एवढंच की नाव कुठल्या भाषेतलं आहे ते शोधायचं आणि त्या भाषेचे पाच-सात नियम लावायचे. पाच-सातच, जास्त नाही.

भाषा ओळखणं, आणि त्यात कुठे फसायला होतं

साधारणपणे माणूस जन्मला कुठे, वाढला कुठे हे बघितलं की भाषा कळते. ऑयलर १७०७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला जन्मला, तिथली भाषा जर्मन, म्हणून जर्मन नियम. पण देश म्हणजे भाषा असं धरून चालू नका. गोडल आजच्या चेक देशातल्या ब्रनो शहरात जन्मला पण घर जर्मन बोलणारं होतं. लाग्राँझ इटलीतल्या तोरिनोचा, जन्माचं आडनाव लाग्रांजिया, पण पुढे तो पॅरिसला गेला आणि फ्रेंच रूपच जगभर रूढ झालं.

मग अशी माणसं ज्यांचं आडनाव एका भाषेचं आणि आयुष्य दुसऱ्या भाषेतलं. पॉल डिरॅकचे वडील फ्रेंच बोलणारे स्विस, पण तो स्वतः इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला जन्मला, वाढला, आणि त्याच्या नावाचा रूढ उच्चार इंग्लिश पद्धतीचा, 'डिरॅक', जोर 'रॅक'वर. मायकलसन प्रशियात जन्मला पण अगदी लहानपणी अमेरिकेत आला, म्हणून त्याला जर्मन पद्धतीने 'मिशेलझोन' वगैरे म्हणायला जाऊ नका. फाइनमनचंही तसंच, अमेरिकन माणूस, फाइनमन म्हणा. इथे नियम सोपा आहे: माणूस स्वतः आपलं नाव जसं सांगत होता तसं म्हणायचं. त्याची माहिती किंवा रेकॉर्डिंग मिळत असेल तर ते व्याकरणापेक्षा वरचढ. ते मिळत नसेल तर मूळ भाषेचा उच्चार.

जर्मन: इथूनच सुरुवात करा

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित काहीही शिकत असाल तरी जर्मन नावं सारखी भेटतात आणि बरी गोष्ट अशी की जर्मन स्पेलिंग खूप नियमित आहे, एकदा जमलं की जमलं.

स्पेलिंगमध्ये 'ई-यू' ही अक्षरं आली की उच्चार 'ऑय'. ऑयलर, नॉयमान. 'ई-आय' आलं की 'आय': हाय्झनबेर्क, माइटनर, लाइबनिट्स. उलटं, म्हणजे 'आय-ई' आलं की 'ई': रीमान, लीबिश. या दोघांत गोंधळ होतो म्हणून एक युक्ती लक्षात ठेवा, दोन अक्षरांतलं जे दुसरं आहे त्याचं इंग्लिश नाव म्हणायचं, 'आय' शेवटी असेल तर आय, 'ई' शेवटी असेल तर ई. 

'डब्ल्यू' म्हणजे आपला व, म्हणून वेर्नर, वेबर, विल्हेल्म. 'व्ही' मात्र बहुतेक ठिकाणी फ, म्हणून 'व्हॉन नॉयमान' नाही, जर्मनमध्ये 'फॉन'. 'जे' म्हणजे य: जॅकोबी नाही, याकोबी. 'झेड' म्हणजे त्स, आणि हा आवाज मराठी माणसाला शिकवावा लागतच नाही, 'चोर' आणि 'चांगला' मधला च घ्या, तोच. हर्ट्झचा शेवट 'हेर्त्स' असा करा की झालं. 'एस' शब्दाच्या सुरुवातीला, पुढे स्वर असेल तर 'जरा' मधल्या ज सारखा येतो, म्हणून सीमेन्स नाही, झीमेन्स. आणि 'एस-टी', 'एस-पी' शब्दाच्या सुरुवातीला आले की श्ट, श्प. ओटो श्टेर्न. आइनश्टाइनमध्ये पण हेच, कारण जर्मन कानाला ते दोन जोडलेले शब्द आहेत, आइन आणि श्टाइन, म्हणून मधे असूनसुद्धा श्ट.

'टी-एच' म्हणजे साधा ट. थ नाही. एमी नोटर हे नाव 'नोएदर' असं ऐकू येतं ते या नियमाप्रमाणे चूक आहे, आणि त्यात अजून एक गोष्ट आहे, 'ओ-ई' हे तिथे दोन स्वर नाहीत, डोक्यावर दोन टिंबं असलेला 'ओ' लिहायची ती दुसरी पद्धत आहे.

शेवटचा 'डी', 'बी', 'जी' कडक होऊन ट, प, क होतो, म्हणून बेर्ग न म्हणता बेर्क. शेवटी 'आय-जी' असेल तर मात्र 'इश' सारखं, जसं लीबिश. 'सी-एच' चे दोन आवाज आहेत. आ, ओ, उ नंतर घशातला ख: माख, कोख. हो, टीबीचा जंतू शोधल्याचं १८८२ मध्ये जाहीर करणारा रोबर्ट कोख. पुस्तकात 'कॉक' किंवा 'कोच' छापलेलं असतं, दोन्ही लांबच. इ, ए किंवा र नंतर मात्र तोच 'सी-एच' मऊ होतो, ह आणि श च्या मधे कुठेतरी, किर्शहोफ, एर्लिश असं म्हटलं तर जर्मन माणूस समजेल.

आता तो दोन टिंबांचा विषय, ज्याला लोक घाबरतात. टिंबांचा 'ओ' म्हणायचा असेल तर तोंडात 'ए' म्हणा आणि म्हणता म्हणता ओठ 'ओ' सारखे गोल करा, जीभ हलवायची नाही, फक्त ओठ. जे बाहेर येईल तोच तो स्वर. टिंबांचा 'यू' असाच: 'ई' म्हणा, ओठ 'ऊ' सारखे करा. पाच-सहा वेळा आरशासमोर केलंत की येतं, खरंच येतं. मराठीत लिहायला चिन्ह नाही म्हणून मी इथे 'ओ' लिहितोय पण म्हणताना तो गोल ओठांचा 'ए' म्हणा: श्रोडिंगर, रोंटगन, गोडल, मोबिउस, नोटर. श्रोडिंगरमध्ये ग सुद्धा जवळजवळ नाहीच, 'वाङ्मय' मधला ङ आहे. म्हणजे 'श्रोडिङर'. आपल्याकडे हे अक्षर पहिलीपासून पाटीवर असतं, इथे ते उपयोगी पडतं.

फ्रेंच: अर्धं लिहिलेलं बोलायचंच नसतं

फ्रेंचचा पहिला आणि सगळ्यात जास्त उपयोगाचा नियम म्हणजे शेवटचं व्यंजन गायब. कार्नो, फूको, फेर्मा, ब्यो, गाल्वा. ब्यो-सावार नियम 'बायोट-सॅव्हर्ट' म्हणून शिकवला जातो, त्यातले दोन्ही 'टी' फ्रेंच माणूस म्हणतच नाही. याला अपवाद साधारण 'सी', 'आर', 'एफ', 'एल', हे शेवटी असले की बऱ्याचदा ऐकू येतात, म्हणून बेकरेल, फ्रेनेल, पास्तर, गे-ल्यूसाक. फ्रेनेलमधला मधला 'एस' पण मुका आहे हं, फ्रेस्नेल नाही. आणि व्यंजनानंतर 'ई' असेल तर ते व्यंजन वाचतं, 'ई' स्वतः मात्र गप्प: लाप्लास. देकार्तमध्ये शेवटचा 'एस' मुका, त्याआधीचा 'ई' मुका, पण त्या 'ई' मुळे त जिवंत राहिला.

'आय-ई-आर' असा शेवट आला की 'ये'. फूर्ये, लाव्वाझ्ये, ल शातल्ये. 'फोरियर' म्हणायची इतकी सवय झालेली असते की फूर्ये ऐकल्यावर सुरुवातीला विचित्र वाटतं, पण दोन-तीनदा म्हटलं की तेच सोपं वाटायला लागतं, दोनच तुकडे आहेत, फूर आणि ये.

'ओ-आय' म्हणजे वा: गाल्वा, प्वासों, लाव्वाझ्ये. 'ए-यू' म्हणजे ओ: कोशी, फूको. कोशीमध्ये 'सी-एच' चा श झालाय तो पण नियमच, फ्रेंचमध्ये 'सी-एच' म्हणजे श. 'ओ-यू' म्हणजे ऊ. एकटा 'यू' म्हणजे वर सांगितलेला टिंबवाला, ई म्हणताना ओठ गोल, म्हणून क्यूरीमधला 'यू' तसा म्हणून बघा, आणि मेरी नाही, मारी. 'जे' आणि 'ई', 'आय' च्या आधीचा 'जी' म्हणजे 'प्लेझर' मधला झ: लझाँद्र, लाग्राँझ, झोल्यो. 'एच' कधीच बोलत नाहीत. ऑंरी प्वँकारे, हेन्री नाही. आणि कॅल्क्युलसमधला तो एल-हॉस्पिटल रूल म्हणजे लोपिताल. त्यात 'एच' मुका, आणि जुन्या स्पेलिंगमध्ये जो 'एस' दिसतो तो पण मुका, नवीन स्पेलिंगमध्ये तो काढून 'ओ' वर टोपी घातली आहे.

नाकातले स्वर जरा कष्टाचे आहेत. स्वरानंतर 'एन' किंवा 'एम' आलं आणि त्याच्यापुढे दुसरा स्वर नसेल तर न, म वेगळा म्हणायचा नाही, स्वरच नाकातून काढायचा. आँपेर, लाँझव्हँ, दालाँबेर, कूलों. 'हं' म्हणताना शेवटी ओठ किंवा जीभ टेकवत नाही ना, तसं.

द ब्रॉय हे नाव मात्र कुठल्याच फ्रेंच नियमात बसत नाही आणि त्याला कारण आहे. घराणं मूळचं इटलीतल्या पिएमोंतचं, मूळ आडनाव ब्रोल्या, इटालियनमध्ये 'जी-एल-आय' चा आवाज ल्य असा असतो, फ्रान्समध्ये आल्यावर लिहायची पद्धत तशीच राहिली आणि बोलताना शेवट य झाला. ल्वी द ब्रॉय, १९२९ चं नोबेल. हे एक नाव सरळ पाठ करून टाका.

जोराचं म्हणाल तर फ्रेंचमध्ये साधारण शेवटच्या तुकड्यावर जातो. इंग्लिश पद्धतीने पहिल्या तुकड्यावर आपटलात तर बाकी सगळं बरोबर असूनही नाव इंग्लिशच वाटतं.

इटालियन आणि स्पॅनिश

इटालियन मराठी माणसाला सगळ्यात सोपी, स्वर आपल्यासारखेच सरळ. फक्त 'सी' चं लक्ष ठेवा. 'ई', 'आय' च्या आधी 'सी' म्हणजे च, तोर्रिचेल्ली, फिबोनाच्ची, रिता लेवी-मोंतालचिनी. मधे 'एच' घातला की परत क. 'जी' चं पण तसंच: गोल्जीमध्ये ज आहे आणि माल्पिगीमध्ये 'एच' असल्यामुळे ग. म्हणून 'एस-सी-एच' हे इटालियनमध्ये स्क होतं, श नाही. १८७७ पासून मंगळावरच्या रेषांचे नकाशे काढणारा स्क्यापारेल्ली, त्याला जर्मन समजून 'शियापारेली' म्हणतात लोक. जोडव्यंजन खरंच जोडून म्हणायचं, ते आपल्याला येतंच. जोर बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्यावर. आवोगाद्रोमध्ये 'गा' वर.

स्पॅनिशमधलं एकच नाव घेतो, मेंदूच्या पेशींवरच्या कामासाठी १९०६ चं नोबेल गोल्जीबरोबर वाटून मिळालेला सांतियागो रामोन इ काखाल. 'जे' म्हणजे ख, किंवा मऊ ह. यातला रामोन हे मधलं नाव नाही बरं का, वडिलांचं आडनाव रामोन आणि आईचं काखाल, 'इ' म्हणजे आणि. दोन्ही मिळून आडनाव.

डच: पाच नावं, पण पाचही अवघड

डचमध्ये 'जी' म्हणजे घशातला ख. 'ओ-ई' म्हणजे ऊ. 'व्ही' जवळजवळ फ. म्हणून फान डर वाल्स, आणि १९०१ चं रसायनशास्त्रातलं पहिलंच नोबेल मिळालेला फान्ट होफ. सूक्ष्मदर्शकवाला डेल्फ्टचा लेवनहूक, 'ल्यूवेनहोएक' वाचून वाचून लोक थकतात, पण लेवन-हूक, झालं. डायक्स्ट्रामध्ये 'आय-जे' हे मिळून एक स्वर आहे, एय आणि आय च्या मधला, ज कुठेच नाही. राहिला हॉयखन्स. त्यातला 'यू-वाय' हा स्वर आपल्याकडे नाही, आउ आणि ऑय च्या मधे कुठेतरी पडतो. इंग्लिश लोक हायगन्स म्हणतात. हॉयखन्स म्हटलंत तर मूळच्या बऱ्यापैकी जवळ आलात.

पोलिश आणि हंगेरियन, जिथे स्पेलिंग बघूनच लोक सोडून देतात

पोलिशमध्ये आडवी तिरकी रेघ मारलेला 'एल' असतो तो ल नाहीच, इंग्लिश 'डब्ल्यू' सारखा ओठ गोल करून म्हणायचा व आहे. आणि त्यांचा 'डब्ल्यू' म्हणजे आपला व्ह, जो कडक व्यंजनाच्या आधी फ होतो. हे दोन नियम एकत्र लावा आणि मारी क्यूरीचं माहेरचं आडनाव वाचून दाखवा: स्क्वोदॉफ्स्का. 'स्क्लोडोव्स्का' नाही. ती सही करताना दोन्ही आडनावं लावायची, १८९८ मध्ये शोधलेल्या मूलद्रव्याला पोलोनियम नाव दिलं ते स्वतःच्या देशावरून, तेव्हा तिचं पोलिश नाव नीट घेणं मला तरी फार गरजेचं वाटतं. तसाच तर्कशास्त्रातला वुकाशेविच. सुरुवातीला 'एल' बघून लुकासिविक्झ म्हणायला जातात. बानाखमध्ये 'सी-एच' ख. जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर, अगदी नियमाने.

हंगेरियनमध्ये एकटा 'एस' म्हणजे श, आणि 'एस-झेड' म्हणजे स. पोलिशमध्ये 'एस-झेड' म्हणजे श, बरोबर उलट, म्हणून आधी भाषा ओळखा असं मी परत परत म्हणतोय. एर्दोश (शेवटचा ओ गोल ओठांचा आणि लांब), ओत्वोश, सिलार्द. 'एल-वाय' म्हणजे नुसता य, म्हणून बोयाइ आणि पोया, 'बोल्याई' आणि 'पोल्या' नाही. 'जी-वाय' म्हणजे ज आणि द्य च्या मधला आवाज, सेंट-ज्योर्जी, १९३७ चं नोबेल. जोर कायम पहिल्या तुकड्यावर, कायम म्हणजे कायम. आणि हंगेरियन लोक आडनाव आधी लावतात, म्हणून तिकडच्या मजकुरात एर्दोश पाल असं दिसलं तर गोंधळू नका.

रशियन

रशियन नावं आपण रोमन लिपीतून वाचतो, म्हणजे मधे एक पायरी आधीच आलेली असते. दोन गोष्टी सांभाळा. शेवटचा व्ह हा फ होतो: पावलफ. आणि ज्या 'ओ' वर जोर नाही तो आ किंवा अ सारखा होतो, म्हणून लमानोसफ, कल्मागोरफ. जोर कुठे आहे ते रशियन नावात स्पेलिंगवरून कळत नाही, ते ऐकावंच लागतं किंवा शब्दकोशात बघावं लागतं. मेंदेलेयेफमध्ये तो 'ले' वर. आणि चेबिशेव्ह म्हणून जो प्रसिद्ध आहे तो चेबिशोफ, शेवटावर जोर देऊन, कारण रशियन लिपीत 'यो' वरची दोन टिंबं लिहिताना बहुतेक वेळा गाळतात आणि मग बाहेरचे लोक ते 'ये' वाचतात.

स्कँडिनेव्हिया, चीन, जपान

स्वीडिशमध्ये इंग्लिश 'ए' या अक्षरावर छोटं वर्तुळ म्हणजे ऑ, म्हणून ऑंग्स्ट्रम. शेले हा स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ, शील नाही. नॉर्वेचा आबेल, आणि लाय ग्रुप नाही तर ली ग्रुप, कारण सोफुस ली. नोबेलमध्ये जोर 'बेल' वर आहे. डेन्मार्कचा ओर्स्टेड आणि रोमर यांच्यात तिरकी रेघ मारलेला 'ओ' म्हणजे पुन्हा तोच गोल ओठांचा ए.

चिनी नावांत मराठी माणसाचा मोठा फायदा आहे जो इंग्लिश बोलणाऱ्याला नाही. आजच्या चिनी रोमन पद्धतीत 'टी' आणि 'डी' यांच्यातला फरक त आणि द चा नसून थ आणि त चा आहे, म्हणजे श्वास सोडून आणि न सोडता. हा फरक आपण जन्मल्यापासून करतो. मलेरियावरच्या औषधासाठी २०१५ चं नोबेल मिळालेल्या संशोधिका थू योउयोउ, 'टू यूयू' नाही. तसंच 'के' म्हणजे ख, 'जी' म्हणजे क, 'क्यू' म्हणजे छ, 'एक्स' म्हणजे श. आडनाव आधी असतं, थू हे आडनाव. जुन्या पिढीची नावं मात्र जुन्या रोमन पद्धतीने लिहिलेली आहेत, त्यांना हे नियम लावू नका: पॅरिटीचा, म्हणजे निसर्ग डावं-उजवं सारखंच मानतो का हे तपासणारा प्रयोग करणाऱ्या वू च्येन-श्युंग त्यांपैकी. चढउताराचे सूर आपल्याला लगेच जमणार नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

जपानी तर देवनागरीत जशी लिहाल तशीच बोलायची. युकावा, तोमोनागा, यामानाका. सगळे तुकडे सारख्या वजनाने, कुठेही जोर न आपटता.

इंग्लिशला मात्र नियम नाहीत

सगळ्यात जास्त धोका इथे आहे कारण आपल्याला वाटतं इंग्लिश तर येतं. जे. जे. टॉमसन, त्यात थ नाही. रदरफर्ड, रुदरफोर्ड नाही. लॉर्ड रेली. धूमकेतूवाला हॅली, 'व्हॅली' शी यमक जुळतं. भूगर्भवाला लायल. मरी गेल-मान, ग कडक. ही नावं एकेक करून ऐकूनच लक्षात ठेवावी लागतात, दुसरा मार्ग नाही.

आणि जाता जाता आपल्याच लोकांबद्दल. इंग्लिश स्पेलिंगवरून उलटं वाचल्यामुळे आपण आपली नावं पण बिघडवतो. रामन, रमन नाही. रामानुजनमध्ये रा आणि मा दोन्ही दीर्घ. बोस म्हणजे मूळ बंगालीत बसू, उच्चार बोशूच्या जवळचा. सत्येंद्रनाथ आणि जगदीशचंद्र दोघांनीही इंग्लिशमध्ये बोस वापरलं, म्हणून बोसही चालतं, बसूही.

ऐकून खात्री कशी करायची

नियम लावून अंदाज आला की तो तपासा. विकिपीडियावर त्या माणसाच्या लेखात पहिल्याच ओळीत उच्चारचिन्हं असतात आणि बऱ्याचदा स्पीकरचं चित्र असतं, ते दाबा. कधीकधी दोन उच्चार दिलेले असतात, एक इंग्लिश आणि एक मूळ भाषेतला, कुठला कुठला ते लेबल बघून घ्या. चिन्हं वाचायची असतील तर सुरुवातीला दोनच शिका: वरच्या बाजूला छोटी उभी रेघ ज्या तुकड्याच्या आधी असते त्या तुकड्यावर जोर, आणि कोलनसारखी दोन टिंबं म्हणजे आधीचा स्वर दीर्घ. त्या भाषेचा विकिपीडिया उघडलात तर अजून चांगलं. फोर्व्हो नावाच्या उच्चारांच्या साइटवर वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी स्वतः म्हटलेले शब्द असतात, तिथे बोलणारा कुठल्या देशाचा आहे ते लिहिलेलं असतं, पोलिश नाव अमेरिकन माणसाच्या आवाजात ऐकून उपयोग नाही. गूगल ट्रान्सलेटमध्ये नाव टाकून भाषा बदलून स्पीकर दाबला तरी काम होतं, पण ते मशीन नियमाने वाचतं, त्यामुळे द ब्रॉयसारख्या अपवादांवर एकट्या त्याच्यावर विसंबू नका. विसाव्या शतकातल्या लोकांची भाषणं, मुलाखती मिळतात, आणि नोबेलच्या साइटवर घोषणांचे व्हिडिओ असतात. स्वतः त्या माणसाने आपलं नाव सांगितलेलं मिळालं तर शोध तिथेच संपला.

मग लगेच देवनागरीत लिहून ठेवा. तुकडे पाडून, जोराच्या तुकड्याखाली रेघ मारून: प्वँ-का-रे. 'चोर' चा च, 'जरा' चा ज, घशातला ख, गोल ओठांचा ए यांना स्वतःच्या खुणा ठरवा, खाली टिंब द्या, वर्तुळ करा, काहीही, फक्त एकदा ठरवलं की बदलू नका. इंग्लिश अक्षरांत उच्चार लिहू नका, कारण दोन महिन्यांनी तेच परत इंग्लिश पद्धतीने वाचाल. नंतर नाव वाक्यात घालून म्हणा. एकटं नाव सगळ्यांना जमतं, 'ऑयलरच्या सूत्रावरून' असं प्रत्यय लावून भरभर म्हणताना जीभ जुन्या सवयीकडे पळते. फोनवर रेकॉर्ड करून मूळ आवाजाशेजारी ऐकून बघा.

एकक आणि माणूस वेगळे

एककांची नावं माणसांवरून पडलीत पण ती आता सामान्य शब्द झालीत. कूलोम, अँपिअर, हर्ट्झ असंच म्हणा, प्रॅक्टिकलच्या वहीत 'दोन आँपेर' म्हणायला लागलात तर समोरच्याला कळणार नाही. माणसाबद्दल बोलताना आँपेर, करंट मोजताना अँपिअर, दोन्ही एकाच वाक्यात आले तरी चालतं. आणि आधी माणूस कोण ते बघा, इंडक्टन्सचं एकक हेन्री हे अमेरिकन जोसेफ हेन्रीवरून आहे, तिथे ऑंरी करायला जाऊ नका.

समोर लोक असतील तेव्हा

ऐकणाऱ्याला जुनाच उच्चार माहीत असेल तर पहिल्यांदा दोन्ही सांगा, 'फूर्ये, म्हणजे आपण ज्याला फोरियर म्हणतो तो', आणि नंतर एकच धरून ठेवा. फळ्यावर किंवा स्लाइडवर मूळ स्पेलिंग जरूर लिहा, म्हणजे मुलांना पुस्तकातलं नाव आणि कानावर पडलेलं नाव जोडता येतं. दुसरा कोणी चुकीचं म्हणत असेल तर भर वर्गात, भर चर्चेत अडवू नका, आपल्या वाक्यात बरोबर उच्चार वापरा, ज्याला घ्यायचाय तो घेतो. आणि परीक्षेला, इंटरव्ह्यूला जाताना समोरचे कुठला उच्चार वापरतात ते ऐकून घ्या, तिथे नाव ओळखू येणं जास्त गरजेचं आहे.

उलटी अडचण पण येते, नाव ऐकलंय पण स्पेलिंग माहीत नाही, सर्चमध्ये टाकायचं काय? तेव्हा हेच नियम उलटे चालवा. शेवटी 'ये' ऐकलं तर 'आय-ई-आर' टाकून बघा, 'वा' ऐकलं तर 'ओ-आय', 'ऑय' ऐकलं तर जर्मन 'ई-यू'. तरी नाही सापडलं तर नावाबरोबर विषय जोडा, 'गाल्वा' बरोबर 'ग्रुप थिअरी', 'लझाँद्र' बरोबर 'पॉलिनॉमियल', सर्च इंजिन बहुतेक वेळा बरोबर स्पेलिंग समोर आणून ठेवतं.